पासवर्ड बरोबर आहे

वरळीच्या बीडीडी चाळीत तळमजल्यावर आमची अभ्यासिका होती. पाच संगणक, दोन लांब बाकं, एक पंखा. संगणक सगळे जुने, कुणाच्या ना कुणाच्या ऑफिसातून नव्यांना जागा करून देऊन बाहेर पडलेले. पाचांवरही लिनक्स. संध्याकाळी पाचला खोली उघडायची, रात्री नऊला बंद.

एका मंगळवारी बारावीतली एक मुलगी खिडकीजवळच्या संगणकापुढे बसली. तिने यादीतलं आपलं नाव निवडलं, पासवर्ड टाकला, एंटर दाबलं. पडदा क्षणभर काळा झाला आणि तिच्या नावाची तीच चौकट पुन्हा समोर आली. तिने पुन्हा टाकला. पुन्हा काळा पडदा, पुन्हा चौकट. चौथ्या वेळी ती एकेक अक्षर ओठांनी पुटपुटत, एका बोटाने टाकत होती. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "ताई, मी पासवर्ड विसरले वाटतं."

ती काहीही विसरली नव्हती. तिचं ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही, म्हणून ही पुस्तिका लिहिली. यंत्र काही न बोलता परत पाठवतं तेव्हा माणूस पहिला दोष स्वतःला देतो. आपलंच बोट चुकलं असेल, आपल्यालाच हे जमत नसेल, असं त्याला वाटतं. दुसऱ्या क्षणी तो घाबरतो, आणि तिसऱ्या क्षणी कुणीतरी म्हणतं, "फॉरमॅट मारू या." त्या तिसऱ्या क्षणापर्यंत कुणी पोचू नये एवढ्यासाठी पुढची पानं आहेत.

या बिघाडाला लिनक्सवाले लॉगिन लूप म्हणतात. आम्हीही तेच नाव ठेवलं, कारण अभ्यासिकेतली मुलं तेच म्हणतात. अपडेटनंतर तो बऱ्याचदा दिसतो. तो ओळखण्याची खूण सोपी आहे आणि ती आधी मनात पक्की बसवावी. पासवर्ड खरोखर चुकला तर यंत्र तसं सांगतं: चौकट तिथेच राहते, खाली चुकल्याची ओळ येते, पुन्हा टाका म्हणतं. लूपमध्ये अशी ओळ येत नाही. पडदा काळा होतो, काहीतरी सुरू होऊ पाहतं आणि आपण परत दारात येतो. तो क्षणभराचा काळोख हाच पुरावा, की पासवर्ड मान्य झाला होता.

मराठी वापरणाऱ्यांच्या बाबतीत एक घोळ यात मिसळतो. अपडेटनंतर कधीकधी लॉगिनच्या पडद्यावर कीबोर्डची मांडणी बदलून देवनागरी होते. आपण इंग्रजी अक्षरं समजून दाबतो, यंत्राला काना-मात्रा मिळतात, आणि ठिपक्यांच्या आड काय उमटलं ते आपल्याला दिसत नाही. हा लूप नव्हे. कोपऱ्यात कीबोर्डच्या भाषेची खूण असते, ती इंग्रजीवर आणली की काम झालं. इंग्रजी मार्गदर्शिकांत ही गोष्ट क्वचितच सापडते, आमच्याकडे मात्र ती वारंवार घडली. म्हणून पहिलं प्रकरण तिच्यावरच आहे.

आता दाराच्या आत काय होतं ते थोडं सविस्तर सांगते, कारण ते कळलं की पुढची भीती निम्मी होते.

लॉगिनचा पडदा हा स्वतंत्र कार्यक्रम असतो. उबुंटूत त्याचं नाव जीडीएम, लिनक्स मिंटमध्ये लाइटडीएम. तो तुमच्या नावावर चालत नाही, त्याचं स्वतःचं वेगळं खातं असतं. त्यामुळे तुमच्या खात्यात कितीही गोंधळ असला तरी हा पडदा व्यवस्थित दिसतो. तुम्ही पासवर्ड दिला की तो तपासणाऱ्या यंत्रणेकडे जातो. ती 'ठीक' म्हणाली की तुमच्या नावाने सेशन सुरू होतं. ते सेशन तुमच्या होम फोल्डरमधल्या सेटिंग वाचतं, काही छोट्या फाइली लिहितं, ग्राफिक्सच्या ड्रायव्हरला हाक मारतं, मग खिडक्या, पट्टी, चित्रं मांडतं. या साखळीतली एखादी महत्त्वाची कडी तुटली की सेशन कोसळतं. सेशन संपलं, म्हणजे माणूस बाहेर पडला, असा अर्थ घेऊन लॉगिनचा पडदा इमानाने पुन्हा उभा राहतो. काम संपवून स्वतःहून बाहेर पडलेला माणूस आणि आत पाऊल टाकताच बाहेर फेकला गेलेला माणूस, दोघांसाठी तो पडदा एकच.

माझे वडील गिरणीत बदली कामगार होते. बदलीचं कार्ड खिशात असायचं, फाटकावर कुणी अडवायचं नाही. आत खात्यात जाऊन उभं राहायचं. कायम कामगार गैरहजर असला तर साचा मिळायचा, नाहीतर परत. लहानपणी मला वाटायचं की फाटकावरचा माणूस त्यांना घरी पाठवतो. तसं नव्हतं, हे त्यांनी मला एकदा समजावलं: फाटक उघडंच होतं, आत साचा नव्हता. त्या मुलीला मी हेच सांगितलं. तुझं कार्ड खरं आहे, आत काय बंद पडलंय ते बघायला हवं.

बघायचं कसं? कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-थ्री ही तीन बटणं एकत्र दाबली की चित्रांचा पडदा बाजूला होतो आणि काळ्यावर पांढरी अक्षरं येतात. हा लिनक्सचा जुना दरवाजा. इथे ग्राफिक्सचा ड्रायव्हर लागत नाही, सजावट नाही. नाव आणि पासवर्ड टाइप करायचा. मुलीने टाकला. टाकताना ठिपकेही उमटत नाहीत, हे मी आधी सांगून ठेवलं होतं, कारण त्यानेही माणूस बिचकतो. एंटर दाबलं आणि ती आत होती. तिच्या नावाची ओळ पडद्यावर आली तेव्हा ती खुर्चीत सरळ बसली. "बरोबर होता!" एवढंच म्हणाली.

पण लगेच दुसरी भीती आली. फाइलींची यादी मागितली तर तिच्या प्रकल्पाच्या जागी चौकोन आणि चौकटच्या पत्त्यावर असतात तसल्या खुणा. तिने फाइलींना मराठीत नावं दिली होती. हा काळा पडदा मोजकीच चिन्हं दाखवू शकतो, आणि अक्षराला काना, वेलांटी, जोडाक्षर जुळवणं त्याला येतच नाही. फाइली शाबूत होत्या, नावंही शाबूत होती, फक्त तो पडदा ती उच्चारू शकत नव्हता. संपूर्ण यंत्रणा मराठीत ठेवलेली असेल तर चूक सांगणारे संदेशही असेच खुणांच्या रांगा होऊन येतात. त्या वेळी लँग या चलाची किंमत तात्पुरती सी करायची, की संदेश इंग्रजीत दिसू लागतात. मराठी पडदा वापरणाऱ्याला इंग्रजीकडे जायला लावणारी ही वाट मला आवडत नाही, पण आज खरी वाट तीच आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही.

इथे आज्ञांविषयी एक खुलासा. प्रस्तावनेत मी त्यांची नावं बोलताना घेतो तशी घेते आहे. पुस्तिकेत आत प्रत्येक आज्ञा मूळ रोमन लिपीत, मोठ्या टायपात, अंतर आणि टिंब नीट दिसेल अशी छापली आहे, कारण एक अंतर चुकलं तरी अर्थ बदलतो.

पुढचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. बिघाड तुमच्या खात्यात आहे की यंत्रात? त्याचं उत्तर मिळवायला कसलंही ज्ञान लागत नाही. त्याच संगणकावर दुसऱ्या कुणीतरी आपल्या नावाने आत जाऊन पाहायचं. दुसरा सहज आत गेला तर दोष तुमच्या होम फोल्डरात. तोही फेकला गेला तर दोष सगळ्यांच्या सामाईक भागात. घरच्या लॅपटॉपवर दुसरं खातं नसतं, ते काळ्या पडद्यावरून बनवावं लागतं. अभ्यासिकेत मात्र एकेका संगणकावर आठ-दहा खाती होती. १६० चौरस फुटांच्या खोल्यांतून आलेली मुलं एकेक संगणक वाटून घेत होती. लिनक्स ज्याच्या रीतीवर बेतलं ते युनिक्स १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातून आकाराला आलं तेव्हा संगणक ही अशीच वाटून वापरायची वस्तू होती. लॉगिन, खातं, मालकी, परवानगी हे सगळं त्या वाटणीतून आलं. लिनस टॉरव्हाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्स सुरू केलं तेव्हा तीच रीत उचलली. एकट्याच्या लॅपटॉपवर ही रीत उगाच जड वाटते. आमच्या खोलीत ती अगदी बेतशीर बसायची.

तर त्या मंगळवारी आणखी दोन मुलांनी प्रयत्न केला. दोघंही परत दारात. म्हणजे दोष सामाईक. मग मी ती वही उघडली, जिच्यासाठी या पुस्तिकेत एक अख्खं प्रकरण दिलं आहे. उबुंटूच्या कुळातलं प्रत्येक यंत्र आपल्या अपडेटची नोंद ठेवतं: कधी सुरू केलं, काय काय बदललं, कधी संपलं. सोमवारची नोंद होती. सुरू केल्याची वेळ रात्री आठ एकावन्न. खाली नव्या कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, नाव, ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरचं नाव, आणखी बरीच नावं. संपल्याची वेळ नव्हती. तिथे ओळच नव्हती.

नऊ वाजता मेन स्विच मी बंद केला होता. रोज करत असे. संगणक बंद करून उठा, असं मुलांना सांगायचे, आणि पडदा काळा दिसला की यंत्र बंद आहे असं धरून चालायचे. स्वयंचलित अपडेटची ठरलेली वेळ पहाटेची असते, पण त्या वेळी यंत्र बंद असेल तर ते काम पुढे, यंत्र सुरू झाल्यावर होतं. आमची यंत्रं संध्याकाळीच सुरू व्हायची. म्हणजे अपडेट नेहमी आमच्याच वेळेत होत होतं आणि मला ते माहीत नव्हतं. ड्रायव्हरचा एक भाग नवा बसला, दुसरा बसायच्या आत वीज गेली. दोन भागांचं एकमेकांशी जमेना, म्हणून सेशन कोसळत होतं. त्या मुलीने चार वेळा स्वतःला दोष दिला होता, आणि चूक माझ्या हातून झाली होती.

दुरुस्ती शोधापेक्षा लहान होती. यंत्र सुरू होताना शिफ्ट, किंवा नव्या यंत्रांत एस्केप, दाबून ग्रबची, म्हणजे यंत्र सुरू करून देणाऱ्या कार्यक्रमाची, यादी आणायची. तिच्या अॅडव्हान्स्ड भागात आधीचा कर्नल असतो. लिनक्स नवा कर्नल बसवताना जुना लगेच पुसत नाही, ही त्याची मोठी दूरदृष्टी. आमच्याकडे जुन्या कर्नलनेही लूप सुटला नाही, कारण ड्रायव्हर सगळ्यांचा एकच अर्धवट होता, पण अनेकदा तेवढ्याने माणूस आत जातो. मग काळ्या पडद्यावर अपडेटची आज्ञा दिली, तर यंत्रानेच सांगितलं की मागचं काम मध्येच तुटलं आहे आणि ते पुरं करायला कोणती आज्ञा द्यावी. ती ओळ अक्षर न् अक्षर तशीच टाइप केली. दहा-बारा मिनिटं ओळी सरकत राहिल्या. यंत्र पुन्हा सुरू केलं, मुलीने पासवर्ड टाकला, आणि तिचं भिंतीचं चित्र समोर आलं.

दोन वर्षांपूर्वी हाच लूप दुसऱ्या संगणकावर झाला होता. तेव्हा मी गावी होते. एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं गेलं, त्याने अर्ध्या तासात सगळं पुसून नव्याने बसवलं. त्या डिस्कवर एका मुलाने कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या बायकांकडून ऐकून उतरवलेली गाणी होती, ध्वनिमुद्रणासकट. त्याची प्रत दुसरीकडे नव्हती. तो मुलगा पुन्हा त्या घरांत गेला, तोवर त्यांतली एक आजी वारली होती. लॉगिन लूप फाइलींना हात लावत नाही. फाइली त्या वेळी शंभर टक्के तिथेच होत्या. हे एक वाक्य त्या दिवशी खोलीत कुणाला माहीत असतं, तर ती गाणी आज असती. लूप झाल्यावर पहिलं काम फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर घेणं, आणि ती काळ्या पडद्यावरूनही घेता येते. त्याची कृती मलपृष्ठावर छापली आहे, पुस्तिका न उघडताही दिसावी म्हणून.

बाकीची कारणं आत प्रकरणवार आहेत. त्यांतल्या दोनांविषयी इथे बोलायला हवं, कारण त्यांच्याभोवती अर्धवट सल्ले फार फिरतात.

पहिलं, डिस्क भरणं. सेशनला सुरू होताना थोडंसं लिहायला जागा लागते, ती नसेल तर ते कोसळतं. मग यंत्र स्वतः कसं चालू राहतं? नेहमीच्या एक्स्ट-फोर पद्धतीच्या डिस्कवर साधारण पाच टक्के जागा रूट या मुख्य खात्यासाठी राखून ठेवलेली असते. तुमच्यासाठी डिस्क भरली तरी यंत्राची स्वतःची कामं त्या राखीव जागेवर निभावतात. म्हणून वरवर सगळं ठीक दिसतं आणि फक्त तुम्ही आत जाऊ शकत नाही. डीएफ ही आज्ञा दिली की भरलेपण आकड्यात दिसतं. अपडेटनंतर हे होतं, कारण उतरवलेली पॅकेजं आणि जुने कर्नल साठत जातात. छोट्या डिस्कच्या जुन्या यंत्रांत लूपचं कारण म्हणून मी सर्वांत आधी हेच तपासते.

दुसरं, एक्सऑथॉरिटी नावाची लपलेली फाइल. एक्स ही खिडक्या रंगवणारी यंत्रणा १९८४ मध्ये एमआयटीत जन्मली. पडद्यावर चित्र काढायची परवानगी कुणाला, हे ती एका गुप्त खुणेवरून ठरवते, आणि त्या खुणेला तिथल्या लोकांनी मॅजिक कुकी असं नाव दिलं. ती खूण या फाइलीत राहते. कुणी मुख्य खात्याचे अधिकार घेऊन खिडक्यांचा कार्यक्रम चालवला, तर या फाइलीची मालकी रूटकडे जाऊ शकते. मग तुमच्याच घरातली ती फाइल तुम्हाला लिहिता येत नाही आणि सेशन थांबतं. मालकी परत आपल्या नावावर केली की प्रश्न मिटतो. पण हा उपाय जिथे तिथे सांगितला जातो, ते चूक आहे. लाइटडीएम ती फाइल होम फोल्डरात ठेवतो, म्हणून मिंटवर हा उपाय लागू पडतो. जीडीएम ती खूण दुसरीकडे, तात्पुरत्या जागेत ठेवतो, त्यामुळे नेहमीच्या उबुंटूवर होममधली ती फाइल पुसून काही साधत नाही.

असाच आणखी एक सल्ला आता मावळतो आहे. लॉगिनच्या पडद्यावरच्या दातेरी चक्रातून वेलँड या नव्या यंत्रणेऐवजी एक्सऑर्ग, म्हणजे जुनी एक्स, निवडा, म्हणजे आत जाल, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं आणि ते अनेकदा खरंही ठरलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या उबुंटू २५.१० मध्ये नेहमीच्या डेस्कटॉपसाठी एक्सऑर्गचा तो पर्यायच उरला नाही. म्हणून या पुस्तिकेत आम्ही उपायाआधी कारण लिहिलं आहे. उपाय जुने होतात. कुठली कडी तुटली हे शोधायची पद्धत जास्त दिवस टिकते.

हे सगळं आत्ताच मराठीत लिहायची घाई का, असं एका मैत्रिणीने विचारलं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. चांगले चालणारे असंख्य संगणक त्यात बसत नाहीत. ते लॅमिंग्टन रोडच्या संगणक-बाजारातून, ऑफिसांतून, नातेवाइकांकडून आपल्या घरांत येतात आणि त्यांवर लिनक्स बसतं. मी २००६च्या सुमारास उबुंटूची सीडी मागवली, तेव्हा ती पोस्टाने फुकट वरळीच्या पत्त्यावर आली होती. ते पाकीट मी अजून ठेवलंय. तेव्हा लिनक्स वापरणारा हौशी असायचा, आणि बिघडलं तर आनंदाने तीन रात्री बसायचा. आजचा वापरणारा हौशी नाही. त्याला उद्या सकाळी अर्ज भरायचा असतो. त्याच्यासाठी इंग्रजीतली चार पानं वाचणं हा वेगळाच डोंगर आहे.

मराठीत काहीच नव्हतं असं नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे छोटे छोटे धडे मराठी निवेदनासह तयार केले, आणि आमच्या अभ्यासिकेतल्या कितीतरी मुलांनी कर्सर म्हणजे काय इथपासून त्यांवरच सुरुवात केली. रेड हॅटने २००४ मध्ये लोहित फॉन्ट खुले केले, स्वयंसेवकांनी मेनू मराठीत आणले. त्यांच्या खांद्यावर आपण उभे आहोत. उणीव होती ती बिघडल्यानंतरच्या भाषेची. चालू यंत्राबद्दल मराठीत बोलता येत होतं. बंद पडलेल्या यंत्रापुढे आपण मुके होत होतो.

कुठे थांबायचं हेही आत लिहिलं आहे. काळ्या पडद्यावर डिस्क वाचता येत नसल्याच्या ओळी येत असतील, किंवा डिस्कमधून टकटक ऐकू येत असेल, तर तो लूप नव्हे, ती डिस्क मरते आहे. तिथे एकही आज्ञा देऊ नका, जाणत्याकडे न्या आणि फाइली आधी हव्यात असं निक्षून सांगा. समुद्राच्या खाऱ्या हवेने रॅमच्या पट्ट्यांवर आणि सांध्यांवर चढणारा गंज हेही वरळीतल्या यंत्रांचं खरं दुखणं आहे, पण ते दुसऱ्या पुस्तिकेचं काम.

१४ ऑगस्ट २०२५ला वरळीच्या बीडीडीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आमची खोलीही रिकामी झाली. संगणक सध्या एका ओळखीच्या घरात, चादरीखाली आहेत. दर रविवारी कुणीतरी जाऊन ते सुरू करतं, अपडेट पूर्ण होऊ देतं आणि नीट बंद करतं. खोली सोडताना मेन स्विचशेजारच्या भिंतीवरचा कागद मी सोडवून आणला. लूप सुटला त्या संध्याकाळी त्या मुलीने तो लिहून चिकटवला होता. निळ्या शाईत, मोठ्या अक्षरांत: "ताई, थांबा. आधी पाचही पडदे बघा. अपडेट संपल्याची ओळ आली का?"